तोफ आणि बोरू

बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही, अशी एक म्हण आपल्याकडे आहे. ही म्हण ज्याने काढली तो बोलणाऱ्यांपैकीच असला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. न बोलणाऱ्याने म्हण काढली असती तरी ती आपल्यापर्यंत पोहोचली कशी असती? पण या म्हणीतला एक मुद्दा आजवर कोणी नीट पाहिलेला नाही. बोलणाऱ्याची माती खपते हे खरं. पण घरी गेल्यावर ती माती घेणाऱ्याच्या गळ्यात पडते, त्याचं काय? मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे व्यवहाराला दोन बाजू असतात, एक नावे आणि एक जमा, एवढंच मला पक्कं ठाऊक आहे. भाषणाच्या व्यवहारात मात्र सगळं वक्त्याच्या खाती जमा आणि श्रोत्याच्या नावे, असा एकतर्फी हिशेब वर्षानुवर्षं चालू आहे. आजचं माझं भांडण त्या हिशेबाशी आहे.

आमच्या परंड्यात मातीला तोटा नाही, तसा बोलणाऱ्यांनाही नाही. बाकीच्या महाराष्ट्राला वर्षातून तीन झेंडावंदनं पुरतात. आम्ही मराठवाड्यातले. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राजवटीतून सुटलो, म्हणून आम्हाला चौथं झेंडावंदन. म्हणजे एक भाषण जास्त. त्याखेरीज जयंत्या, पुण्यतिथ्या, निरोप, सत्कार, उद्घाटनं आणि दहावीच्या पोरांचे गुणगौरव आहेतच. या सगळ्यांना वक्ता लागतो. मोठा वक्ता बार्शीहून किंवा सोलापूरहून आणावा तर गाडीभाडं पडतं. म्हणून गावातलाच एखादा स्वस्त वक्ता शोधतात. शिक्षक झाले, वकील झाले, की तिसरा नंबर बँकेतल्या माणसाचा. अशा रीतीने अस्मादिकांचा सार्वजनिक जीवनात प्रवेश झाला.

पहिल्या आमंत्रणाबरोबर माझ्या लक्षात आलं, की आपल्याला बोलता येत नाही. खिडकीवर बोलता येतं, पण तिथे आमचा शब्दसंग्रह 'सही करा', 'पासबुक कुठंय' आणि 'जेवणाची सुट्टी झाली' एवढ्यात संपतो. मग मी उत्तम वक्ता कसं व्हावं हे शिकवणारं एक पुस्तक बार्शीच्या बसस्टँडवर विकत घेतलं. बस सुटेपर्यंत निम्मं वाचून झालं. आरशासमोर उभे राहा, हात कमरेच्या वर ठेवा, आवाजात चढउतार आणा, सुरुवातीला एक शेर म्हणा आणि शेवट एखाद्या थोर पुरुषाच्या वचनाने करा, असा सगळा मामला. ग्रीसमधला डिमॉस्थेनिस म्हणे तोंडात खडे ठेवून भाषणाचा सराव करायचा. मी खड्यांऐवजी सुपारी घेतली. आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, दाढ दुखतेय का? दोन दिवस झाले, काही कळत नाही तुमचं बोललेलं."

हे वाक्य मी तेव्हाच मनावर घ्यायला हवं होतं. घेतलं नाही.

माझं पहिलं भाषण पस्तीस मिनिटं चाललं. त्यात दोन शेर होते, एक संस्कृत वचन होतं, तीन थोर पुरुष होते आणि 'या ठिकाणी' हा शब्द असंख्य वेळा होता. दुसऱ्या दिवशी बँकेत आमच्या शिपायाला सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय मामा, आला होता का काल?"

"आलो व्हतो की सायेब. आवाज लई भारी लागला."

"आणि विषय?"

मामांनी स्टूल पुसता पुसता जरा विचार केला. "विषय व्हता व्हय?"

आता तुम्ही म्हणाल, एका शिपायाला नाही कळलं म्हणून काय झालं? पण मामांचे कान चांगले शाबूत आहेत. साहेब केबिनमधून पुटपुटले तरी ते त्यांना दाराबाहेर ऐकू येतं. तेव्हा दोष कानांचा नव्हता. पस्तीस मिनिटं मी आवाज काढला होता आणि आवाजच त्यांच्यापर्यंत पोहोचला होता. जे पाठवलं ते मिळालं. तक्रार कोणाकडे करणार?

यात माझा एकट्याचा दोष नाही, परंड्याच्या हवेचाही आहे. आमच्या गावात किल्ला आहे. डोंगरावरचा नव्हे, सपाटीवरचा, भोवती खंदक असलेला. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर निजामशाहीची राजधानी काही काळ इथे होती. अजूनही तटाबुरुजांवर तोफा आहेत. पण आमची सगळ्यांत नामांकित तोफ गावात नाही. तिचं नाव मलिक-ए-मैदान. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, सुमारे पंचावन्न टन वजनाची, तोंडाशी सिंहाचा जबडा आणि त्या जबड्यात सापडलेला हत्ती. काही काळ ती परंड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ साली विजापूरकरांनी ती उचलून नेली. शेकडो बैल आणि दहा हत्ती जुंपले होते, असं सांगतात. आजही ती विजापूरला बुरुजावर बसून आहे. तोफ गेली, पण जाताना आवाज इथेच ठेवून गेली असावी. कारण आमच्याकडे व्यासपीठावर चढलेला प्रत्येक माणूस स्वतःला मलिक-ए-मैदान समजतो.

या तोफेची आणखी एक गोष्ट सांगतात. तिचा आवाज इतका मोठा, की बत्ती देणारा गोलंदाज शेजारच्या हौदात उडी मारून पाण्याखाली डोकं घालायचा, नाहीतर त्याचेच कान जायचे. आमचे प्रमुख पाहुणे हेच करतात. स्वतःचं भाषण डागतात आणि दुसऱ्याचं सुरू व्हायच्या आत 'पुढच्या कार्यक्रमाला जायचंय' म्हणून गाडीत बसतात. पाण्याखाली जायची सोय नाही ती फक्त श्रोत्यांना. शिवाय या तोफेचं पुढे काय झालं तेही ऐकून ठेवा. १८५४ साली इंग्रज सरकारने निरुपयोगी सामान म्हणून तिचा लिलाव पुकारला, तेव्हा बोली गेली दीडशे रुपयांवर. मग किंमत फारच कमी आली म्हणून विक्री रद्द झाली. वक्त्याला शाल आणि नारळ देण्याची प्रथा याच दरावरून पडली असावी, असा माझा आपला अंदाज आहे.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. भाषण फसलं तर कोणाचं काय जातं? फार तर चहा गार होतो. पण वक्ता म्हणून गावात नाव झाल्यावर बँकेत माझी लेखक म्हणून बढती झाली. बढती म्हणजे पगार नव्हे, काम वाढलं. वरून आलेल्या परिपत्रकांवरून फळ्यावर मराठी सूचना लिहायचं काम साहेबांनी माझ्याकडे दिलं. "तुमचं मराठी भारदस्त आहे," ते म्हणाले. माझ्या छातीत पंचावन्न टन भरले.

एका वर्षी पीककर्जाची सूचना लिहायची होती. मी लिहिलं: 'सर्व संबंधित पीककर्जधारक खातेदारांस याद्वारे सूचित करण्यात येते की, उपरोक्त योजनेअन्वये देय असलेली व्याज परताव्याची सवलत विहित मुदतीत कर्जाची संपूर्ण परतफेड करणाऱ्या पात्र ऋणकोंनाच अनुज्ञेय राहील. तरी सर्व संबंधितांनी याची नोंद घ्यावी.'

'उपरोक्त' म्हणजे वर सांगितलेली. सूचनेच्या वर एक खिळा होता. खिळ्याच्या वर एक पाल होती. पण 'उपरोक्त' नसलेली सूचना ही मला बिनटोपीच्या पाहुण्यासारखी वाटायची. साहेबांनी वाचून मान हलवली. मी दोन पावलं मागं सरकून ती पुन्हा वाचली. काय वजन होतं! चार हत्तींनीही हलली नसती.

एप्रिल महिन्यात एक आबा आले. डोमगावकडचे. धोतर, डोक्याला पागोटं, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी नोटांची चळत काढली आणि खिडकीवर ठेवली.

"कर्ज भरायचंय सायेब. समदं. त्ये सुटीचं बघून घ्या."

मी खातं उघडलं. कर्ज एक लाख वीस हजार. मुदत संपून अकरा दिवस झालेले.

"आबा, सूट गेली. तारीख उलटली तुमची."

"कंची तारीख?"

"बोर्डावर लिहिलंय की सगळं. वाचलं नाही का?"

"वाचलं व्हतं," आबा म्हणाले. "चौथी शिकलोय मी. दोनदा वाचलं. मला वाटलं ह्ये सरकारी माणसाचं काय तरी हाय. तुमालाबी इच्यारलं व्हतं माघ म्हैन्यात. तुमी म्हनला, बोर्ड बघा."

मी काहीच बोललो नाही. वक्त्याला एकदाच शब्द सापडला नाही, तो त्या दिवशी.

"पैसे कधी जमले आबा?"

"तूर इकली तवाच. घरात पडून व्हते."

आता मी वाणिज्य पदवीधर माणूस, हिशेब करून दाखवतो. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला केंद्र सरकारच्या योजनेत सात टक्के व्याज पडतं. मुदतीत फेडलं तर तीन टक्के परत, म्हणजे उरलं चार. एक लाख वीस हजारांवर वर्षाचे तीन टक्के म्हणजे तीन हजार सहाशे रुपये. राज्य सरकारची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे, तिचा लाभही मुदत पाळणाऱ्यालाच. ते वेगळं. म्हणजे ज्या माणसाकडे फेडायला पैसे होते, फेडायची इच्छा होती, वाचताही येत होतं आणि ज्याने तोंडाने विचारलंही होतं, त्याचे निदान तीन हजार सहाशे रुपये माझ्या 'विहित', 'अनुज्ञेय' आणि 'ऋणको' या तीन शब्दांनी खाल्ले. शब्दामागे बाराशे रुपये. एवढं मानधन मराठीत कोणा लेखकाला मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही.

आबांनी भांडण केलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. पावती घडी घालून पिशवीत ठेवली आणि जाता जाता म्हणाले, "तुमची चूक न्हाई सायेब. आमालाच मोठं वाचाया येत न्हाई."

हे वाक्य मला लागलं. भारदस्त लिहिणाऱ्याचा सगळ्यांत मोठा गुन्हा पैशाचा नव्हे, हा आहे. न समजणाऱ्याला वाटतं, चूक आपलीच आहे. लिहिणारा ताठ मानेनं जातो आणि वाचणारा मान खाली घालून. आवाज तोफेचा आणि अपराध कानाचा!

त्या रविवारी मी डोमगावला गेलो. आबांची माफी मागावी असा विचार होता. पण ते लेकीकडे गेलेले. मग मठात जाऊन बसलो. सीनेकाठी कल्याणस्वामींचा मठ आहे. समर्थ रामदासांचे हे शिष्य. शिवथरघळीत समर्थ सांगत गेले आणि कल्याण लिहीत गेले, अशी दासबोधाची कथा परंपरेने चालत आली आहे. वीस दशक, दोनशे समास, पावणेआठ हजारांच्या आसपास ओव्या. कल्याणस्वामींच्या हातच्या लेखनामुळे तर डोमगावच्या प्रतीला अभ्यासकांत एवढं मोल. त्यांनी स्वतःही रचना केल्या आहेत, पण लोकांच्या ध्यानात राहिला तो त्यांचा बोरू.

दासबोधाचा एकोणिसावा दशक उघडा. पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. देवाधर्माच्या ग्रंथात एवढा व्यवहार मी दुसरीकडे वाचलेला नाही. अक्षर वाटोळं, सरळ आणि मोकळं असावं, शाई काळीभोर असावी, कानामात्रा नेटक्या, ओळी समान, आणि पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसावं. कशासाठी हा खटाटोप? कारण लिहिणारा तिथे असणार नाही. वाचणारा एकटा असणार, लांब असणार, कदाचित त्याची नजर अधू झालेली असणार. त्याला अडखळायला होऊ नये. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी समर्थांनी शाईपासून ओळीपर्यंत विचार केला तो वाचणाऱ्याचा, आणि मी खिळ्यापासून पालीपर्यंत विचार केला तो माझ्या भारदस्तपणाचा!

तेव्हा मला एकदम कळलं, की आमच्या एकाच तालुक्यात दोन शाळा आहेत. एक तोफेची आणि एक बोरूची. तोफ म्हणते, मला ऐका. बोरू म्हणतो, आधी मी ऐकतो, मग तुम्हाला नीट वाचता येईल असं लिहितो. तोफ परंड्यात पाहुणी म्हणून आली आणि निघून गेली. बोरू इथेच राहिला. आणि आम्ही करंटे, गेलेल्या पाहुणीची नक्कल करतो आणि घरच्याला विसरतो.

यावर आमचे काही मित्र खवळतात. त्यांचं म्हणणं, सोपं बोलणं म्हणजे भाषेचं दारिद्र्य. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, आणि तुम्ही तिला बाजारात उभी करता? मी म्हणतो, भाषा बाजारातच मोठी झाली, शालीत गुंडाळून नव्हे. टिळकांनी १८९७ साली केसरीत सरकारला खडसावलं, त्या अग्रलेखाचं शीर्षक अजून लोकांच्या तोंडी आहे: सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय? यात एक तरी शब्द असा आहे का, जो डोमगावच्या आबांना विचारायला यावं लागेल? टिळकांना संस्कृत येत नव्हतं म्हणून त्यांनी असं लिहिलं, असं म्हणायची कोणाची छाती आहे?

गाडगेबाबा घ्या. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस, हातात खराटा. कीर्तनाला उभे राहिले की समोरच्या लोकांना प्रश्न विचारायचे आणि लोकांकडूनच उत्तरं काढून घ्यायचे. कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला, देवापुढे कोंबडं-बकरं कापू नका. घरी जाताना प्रत्येकाला ठाऊक असायचं, की उद्या सकाळी उठून काय करायचं आणि काय सोडायचं. मी ज्या भाषणांना जातो त्यातून घरी येताना मला फक्त चप्पल कुठे काढली होती एवढंच आठवायचं असतं.

परदेशातला दाखला हवा असेल तर तोही देतो, कारण त्याशिवाय आपल्याकडे खरं वाटत नाही. १९ नोव्हेंबर १८६३ ला अमेरिकेत गेटिसबर्गच्या रणभूमीवर दफनभूमीचा समारंभ होता. मुख्य वक्ते होते एडवर्ड एव्हरेट, त्या काळचे नामवंत वक्ते. ते दोन तास बोलले. मग अध्यक्ष लिंकन उठले आणि दोन-तीन मिनिटांत, पावणेतीनशेच्या आसपास शब्दांत, बसलेसुद्धा. आज जगातली पोरं पाठ करतात ते लिंकनचं भाषण. पण मला खरं कौतुक वाटतं ते एव्हरेटसाहेबांचं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी लिंकनला पत्र लिहून कबूल केलं, की आपण दोन तासांत जिथे पोहोचलो नाही तिथे तुम्ही दोन मिनिटांत पोहोचलात. आमच्याकडे असं पत्र लिहिणारा वक्ता मला अजून भेटायचा आहे.

त्याच अमेरिकेत सांता ॲना नावाच्या गावी १९२४ साली राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थांनी टोस्टमास्टर्स म्हणून एक मंडळ काढलं, ते आता जगभर पसरलं आहे. तिथे भाषण करणाऱ्याला हिरवा, पिवळा आणि लाल दिवा दाखवतात, लाल लागला की आवरायचं. शिवाय एक माणूस वक्ता किती वेळा 'अं', 'आं' म्हणाला ते मोजत बसतो. ही पद्धत परंड्यात आणावी अशी माझी जाहीर मागणी आहे. फक्त आपल्याकडे 'अं' ऐवजी 'या ठिकाणी' मोजावं लागेल. मी एका सभेत मोजून पाहिलं. बावीस मिनिटांत एकसष्ट वेळा. मोजणाऱ्याने मात्र बँकेतला पाहिजे, दुसऱ्याचा आकडा चुकेल.

दुसरा आक्षेप असा, की लोकांनाच मोठं बोललेलं आवडतं. हे खरं आहे. लोकांना फटाकेही आवडतात. पण फटाक्याच्या उजेडात कोणी पासबुक वाचत नाही. टाळ्या मिळाल्या म्हणजे समजलं, असा जो हिशेब वक्ते लावतात तो आमच्या लेखापरीक्षकाने एका मिनिटात फेटाळला असता. टाळी ही पावती नव्हे. ती अनेकदा 'आता बसा' अशी नम्र विनंतीच असते.

आणि हे सगळं सुरू होतं शाळेत. वक्तृत्व स्पर्धेला बाई भाषण लिहून देतात, पोरगं ते पाठ करतं, 'गरुडझेप' म्हणताना दोन्ही हात पसरतं आणि 'अंधार' म्हणताना डोळे मिटतं. मधेच एक शब्द विसरला की सगळी गाडी थांबते, कारण ते भाषण त्याचं नसतंच. त्याऐवजी त्या पोराला एवढंच सांगा, की घरून शाळेत कसं यायचं ते परगावच्या माणसाला समजावून दे, आणि तो माणूस चुकला नाही तर तुला पहिलं बक्षीस. बघा, किती गरुड जमिनीवर येतात ते.

असो. मी माझ्यापुरता बदललो. बोलण्याआधी आणि लिहिण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हे ऐकून माणसाने उठून काय करावं, असं मला वाटतं? उत्तर नसलं तर तोंड उघडत नाही. उत्तर असलं तर ते पहिल्या वाक्यात सांगतो. आणि लिहिलेलं मामांना वाचून दाखवतो. मामा जिथे "म्हंजी?" म्हणतात तिथे माझी चूक.

पीककर्जाची सूचना मी पुन्हा लिहिली ती अशी:

'पीककर्ज घेतलेल्यांनी वाचा. कर्ज शेवटच्या तारखेच्या आत पूर्ण फेडलं तर व्याजात सूट मिळते. एक दिवस उशीर झाला तरी मिळत नाही. लाखाला वर्षाचे तीन हजार रुपये वाचतात. तुमची शेवटची तारीख कोणती, हे तीन नंबरच्या खिडकीवर विचारा. कितीही वेळा विचारा. रागावणार नाही.'

साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढला. "हे काय? बँकेची काही पत आहे की नाही? आणि 'रागावणार नाही' हे कुठल्या परिपत्रकात आहे?"

मी म्हटलं, "साहेब, कुठल्याच नाही. म्हणून तर लिहावं लागलं."

साहेब मुळात भला माणूस. सूचना लागली. आणि त्याचा परिणाम काय झाला म्हणता? तीन नंबरच्या खिडकीवर, म्हणजे माझ्याच, दुपारपर्यंत रांग लागली. फेब्रुवारी-मार्च दोन महिने माणसं येऊन येऊन तारीख विचारत होती. जेवणाचा डबा गार झाला, सहकारी खवळले. "कळेल असं लिहायची काय गरज होती?" असं एकाने मला तोंडावर विचारलं. तेव्हा कुठे मला कठीण मराठीचं खरं रहस्य उमगलं. ते लिहिणाऱ्याला येत नाही म्हणून नसतं आणि वाचणाऱ्याला आवडतं म्हणूनही नसतं. रांग लागू नये म्हणून असतं.

गेल्या १७ सप्टेंबरला मला पुन्हा भाषणाला बोलावलं. मी चार मिनिटं बोललो. निजामाच्या काळात आपल्याकडच्या माणसाला कचेरीतला कागद उर्दूत यायचा, तो वाचून घ्यायला दुसऱ्याचे पाय धरावे लागायचे. आता कागद मराठीत येतो, तरी वाचून घ्यायला दुसरा माणूस लागत असेल तर आपलं काम अजून थोडं उरलंय, म्हणून कळलं नाही की लाजू नका, समोरच्याला विचारा, एवढंच सांगितलं आणि बसलो. संयोजक कानाशी येऊन म्हणाले, "सर, प्रस्तावना छान झाली. आता भाषण?" शाल मिळाली, नारळ मात्र पुढच्या वक्त्याला दिला.

खाली उतरलो तर मागच्या रांगेत डोमगावचे आबा. मी माफीचे शब्द जुळवू लागलो, तेवढ्यात त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. वीजबिल होतं.

"तुमीच म्हनला न्हवं, इच्यारा म्हून? मंग ह्ये 'स्थिर आकार' म्हंजी काय, त्येवढं सांगा."

मी बिल हातात घेतलं, दोनदा वाचलं आणि आबांना घेऊन तिथेच पायरीवर बसलो. पुढच्या वक्त्याची तोफ तेव्हा नुकतीच या ठिकाणी सुरू झाली होती.